हिला पाव

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर डाव्या हाताचं बोट आडवं ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक केलं. वरच्या बाजूला आवाज पोकळ आला. बोट खाली सरकलं तसा तो बद्द होत गेला. मी नागावच्या वाडीतली. नारळाला टिचकी मारून आत काय आहे ते ओळखायचं, हे आम्ही लहानपणापासून करत आलेलो. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आधीच मला कळलं, की माझ्या आत पाणी आहे.

"प्लुरसी," त्या म्हणाल्या. मग हातांचे दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून त्यांनी समजावलं. फुप्फुसावर दोन पातळ पापुद्रे असतात. त्यांना सूज आली की मधल्या जागेत पाणी साठतं, आणि फुप्फुसाला फुगायला वाव राहत नाही. डॉक्टरीणबाई साहेबाच्या देशातल्या. त्यांचं मराठी पुस्तकातून शिकलेलं होतं. "पाणी पुष्कळ आहे. आपण ते सुईने काढू. घाबरू नका."

परक्या माणसाने 'घाबरू नका' म्हटलं, की आधी घाबरून घ्यायचं, असा माझा स्वभाव. दुकानदाराने 'ताजं आहे' म्हटलं की मी वास घेऊन बघते. तेव्हा हे जे मी लिहिते आहे, ते एका संशयी बाईचं लिहिणं आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. पण कुणाच्या घरात हे दुखणं शिरलंच, तर माझ्याइतके हाल त्या बाईचे होऊ नयेत, एवढ्यासाठी लिहिते.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. उजव्या कुशीत कळ यायची. खोल श्वास घेतला की आत कुणी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. सुपाऱ्या सोलत होते तेव्हा वाटलं, बसून बसून लचक भरली असेल. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. वैद्यांनी लेप दिला. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. कळ थांबली, तसं आम्हाला वाटलं उतार पडला. तो उतार नव्हता. पाणी साठलं की पापुद्रे एकमेकांना घासायचे थांबतात, म्हणून कळ जाते, हे मला पुढे दवाखान्यात समजलं. कळ जाऊन धाप लागायला लागली, तर खूश होऊ नका, एवढं सांगून ठेवते.

तुळशीपुढे दिवा लावायला अंगण ओलांडलं तरी मी खांब धरून उभी राहायला लागले. तेव्हा यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, गाडी जुंपली आणि म्हणाले, मिशनच्या दवाखान्यात न्यायचं. आमच्याकडे मिशन म्हटलं की लोकांना आधी पाव आठवायचा. आजेसासूबाईंनी सांगितलेली गोष्ट सगळ्या घरांत ठाऊक होती. उत्तरेकडे कुठल्याशा गावात फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, सकाळी ज्यांनी ज्यांनी पाणी प्यायलं ते सगळे बाटले, गावच्या गाव किरिस्ताव झालं. गावाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. खोटं म्हणायची छाती मात्र कुणाची नव्हती.

सासूबाई माझ्याबरोबर यायला निघाल्या. गाडीत बसायच्या आधी अंगणात उभं राहून, माझ्या दोन्ही मुलींच्या देखत त्या म्हणाल्या, "आयक गो गोदे. त्यांचं पानी न्हाय, त्यांचं अन्न न्हाय. बाटून आलीस तं चुलीपाशी पाय ठेवू देनार न्हाय, नि पोरींना हात लावू देनार न्हाय. आदीच सांगते."

धाकटी तेव्हा माझा पदर धरून उभी होती. तो मी तिच्या मुठीतून सोडवून घेतला आणि गाडीत चढले.

दवाखान्यात पहिल्या दिवशी सुई झाली. याला टॅपिंग म्हणतात. खुर्चीवर उलटं बसवून पुढे पाठीवर ठेवलेल्या उशीवर ओणवं करतात, बरगड्यांच्या मधली जागा बधिर करतात आणि जाड सुई घालून नळीने पाणी बाटलीत घेतात. दुखतं, पण बाळंतपण झालेल्या बाईने त्याचं काही वाटून घेऊ नये. मी बाटली बघायला मागितली. पाणी गवती चहासारखं पिवळं होतं. ते खरंच माझ्यातूनच आलं, का बाटलीत आधीपासून होतं, हे मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी नजर हालवली न्हाय. तुजंच हाय." तेव्हा विश्वास बसला.

मला श्वास घेता यायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी पुन्हा साठू शकतं. औषध थोडं, मुख्य उपाय पडून राहणं आणि पोसणं. दूध, अंडी, पुन्हा दूध. खाटेच्या पायथ्याशी एक कागद टांगला होता, टेंपरेचर चार्ट. त्यावर नर्सबाई माझा ताप डोंगरासारखा काढायच्या. सकाळी दरी, संध्याकाळी शिखर.

सासूबाई आवारामागच्या पडवीत तीन दगडांची चूल मांडून पेज करायच्या. पाणी देवळाच्या विहिरीवरून आणायच्या, दवाखान्याच्या विहिरीकडे बघायच्याही नाहीत. पण म्हैस काही आम्ही बरोबर आणली नव्हती. दूध दवाखान्याचंच घ्यावं लागे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी गोठ्यात जाऊन धार काढताना पाहिली आणि म्हणाल्या, दूध धारेचं हाय, चालंल. एवढी मुभा त्यांनी दिली.

दिवस नाताळाच्या आधीचे होते. मला वाटलं होतं, दवाखाना म्हणजे शांत जागा. पण तिथे लगीनघाई. समोरच्या शाळेत पेटीवर एकच गाणं सकाळ-संध्याकाळ घोटत होते. व्हरांड्यात बांबूच्या कामट्यांच्या चांदण्या करून त्यांना रंगीत कागद चिकटवत होते. आवारात पावाची भट्टी होती, ती दिवसभर धगधगत होती. पायांचे आवाज, हाका, भांडी. घरी संध्याकाळी दिवा लावला की तुळशीपुढे मी घटकाभर बसायची. तेवढ्या वेळात घर, वाडी, मुली, सगळं बाजूला व्हायचं. इथे डोळे मिटून नाव घ्यायला लागले की मधेच पेटी, मधेच हशा. देवाच्या जागी संशय येऊन बसायचा. माझ्याच खिडकीवर चांदणी का टांगली? सगळ्या एवढं गोड का बोलतात? फुकट साबण का दिला?

आमच्या वॉर्डातली नर्स सालूबाई. ती जन्माने आमच्याच मुलखातली, आत डोंगराकडच्या गावची, आजाच्या वेळी घर ख्रिस्ती झालेलं. पांढरं लुगडं, अनवाणी पाय, चालणं नव्हे पळणंच. दोन दिवस झाले तशी तिच्या हातांना मला माडीचा वास यायला लागला. वाडीतल्या बाईला तो वास चुकायचा नाही. मला आधी वाटलं, ही पिते. शेजारच्या खाटेवर चांगुणा होती, थळची कोळीण, पायाला गळू झालेली. ती म्हणाली, "पीत न्हाय गो. माडी घालून पीठ फुगवतान. नाताळाचं पाव मळायला सगल्याच लागल्यात."

म्हणजे पाव मळलेल्या हातांनीच माझं दूध येत होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी दूध मी घेतलं, पण नीट गिळवलं नाही.

खरा घोळ त्यानंतर झाला. दिवेलागणीला सालूबाई वॉर्डाच्या दारातून आत आली आणि पहिल्या खाटेच्या पायथ्याशी थांबली. दिवसभर जिचा पाय ठरत नाही, ती खांबासारखी उभी. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मग पुढची खाट. माझ्या खाटेपाशी आली तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं आणि कान टवकारले. शब्द अगदी स्पष्ट ऐकू आले. "हिला पाव." चांगुणाच्या खाटेपाशी गेली, "हिलाबी पाव."

ही आता ठरवत चालली होती, कुणाकुणाला पाव द्यायचा! आणि त्यानंतर लगेच दुधाचे पेले आले. माझ्या पेल्यात पांढरा तुकडा तरंगत होता. आज मी सांगू शकते की ती साय होती. तेव्हा मला विचारलं असतं, तर मी तुळस उचलून सांगितलं असतं की तो पावच.

दूध बंद. पेला मी चांगुणाकडे सरकवायची. तिला कसलीच भीती नव्हती. "माज्या हाताला मावऱ्याचा वास, मना कोन बाटवील?" असं म्हणून दोन्ही पेले रिचवायची. तिचा पाय झपाट्याने भरत आला, गालही भरले. माझ्या कागदावरची शिखरं मात्र उंच होत गेली. पेज ओठाशी आली की नको वाटायची. रोज संध्याकाळी सालूबाई पायथ्याशी यायची, "हिला पाव" म्हणायची, आणि मी पांघरुणाआडून तिच्याकडे बघत राहायची. बाईचा चेहरा इतका निर्मळ कसा, याचाही मला संशय यायचा.

नाताळाच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाठीवर बोट ठोकलं. बद्द आवाज आता खांद्यापर्यंत चढला होता. त्यांनी माझी मनगटं हातात घेऊन पाहिली. "तुम्ही दूध पीत नाही," त्या म्हणाल्या. त्या सासूबाईंकडे वळल्या. "पाणी पुन्हा काढले पाहिजे. पण हिच्यात ताकद नाही. आज सुई घातली तर हिचे हृदय थांबेल. दूध नाही, तर ताकद नाही. ताकद नाही, तर मी हिला वाचवू शकणार नाही. तुम्ही ठरवा."

त्या गेल्या. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. मी छताकडे बघत पडले. दूध प्यावं तर बाटले, मुली गेल्या. न प्यावं तर मेले, मुली गेल्या. बाहेर पेटी वाजत होती आणि मला त्या पेटीचा इतका राग आला, की अंगात जोर असता तर जाऊन फोडली असती.

दिवेलागण झाली. आवारात नुसती धांदल. चांदण्यांत दिवे ठेवत होते, कुणी तरी "सालूबाय, भट्टी बग, करपतंय!" म्हणून ओरडत होतं. सालूबाई आत आली ती कोपरापर्यंत पिठाने माखलेली. मला वाटलं, आज तरी थांबायची नाही. पण ती थांबली. एकेक खाट करत माझ्यापाशी आली, पिठाचे हात जोडले, डोळे मिटले. "हिला पाव."

मी कोपरावर उठले. "नको मला तुझा पाव!" मी ओरडले. "मरेन, पण खाणार नाही. दुधात घालून दिलास तरी नाही. मला दोन पोरी आहेत."

सालूबाईने डोळे उघडले. काही वेळ तिला कळेचना. मग तिने एकदा आपल्या पिठाच्या हातांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अगो बाय! पाव न्हाय! पाव!"

दोन्ही वेळा शब्द तोच. ती खाटेच्या कडेला खाली बसली. "खायाचा पाव न्हाय वैनी. देव पावतो न्हवं, तो पाव. मी देवाला सांगते, बाबा, हिला पाव. चांगलं बोलता मना येत न्हाय. पाद्रीबाबा म्हंतात, कृपादृष्टी कर म्हनावं. माजी आजी शेताच्या बांधावर हात जोडून म्हनायची, पाव रे बाबा. धरम बदलला, पन तोंड तेच हाय." मग हळू आवाजात म्हणाली, "या नाताळात पायाला दम न्हाय बगा. भट्टी, करंज्या, पोरांची गानी. ज्याच्यासाटी चाललंय तो कुटं ऱ्हायला, ते दिवसभर ध्यानात येत न्हाय. म्हनून दिवेलागनीला खाटांपाशी उबी ऱ्हाते. तेवडाच माजा नाताळ."

चांगुणा तिकडे तोंडात पदर कोंबून हसत होती. मी हसू का रडू अशी झाले. ग्रामदेवीपुढे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काय म्हणतो? पाव गो माये. मूल तापलं, पाव. होडी परतली नाही, पाव. हा शब्द माझ्या ओठांवर जन्मभर होता. तिच्या तोंडून आला तेव्हा मला फक्त भट्टी दिसली.

सासूबाई उठल्या. मला वाटलं आता त्या सालूबाईशी भांडणार. त्यांनी तिला विचारलं, "रोज म्हंतेस? हिच्यासाटी?"

"रोज म्हंते आये."

"मी पन तेच म्हनते. पडवीत बसून." मग म्हणाल्या, "दूध आन."

दूध आलं. पेल्यावर पिठाची बोटं उमटली होती, ती सासूबाईंनी पाहिली. मीही पाहिली. त्यांनी पेला घेतला आणि माझ्या ओठाला लावायच्या आधी आपल्या तोंडाला लावला. चांगला मोठा घोट घेतला. "बाटायचं तं दोघींनी," त्या म्हणाल्या. "मंग तुला चुलीपास्नं कोन हाकलतो, ते बगते."

मी दूध प्याले. मला रडू आवरेना, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

त्या संध्याकाळी पेटी वाजतच होती. तेच घोटलेलं गाणं, तीच पोरं, भट्टीचा तोच वास. मी डोळे मिटले. माझं नेहमीचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, तर मन पुन्हा पळायला लागलं. मग मी चांगुणाच्या खाटेकडे तोंड करून मनात म्हटलं, हिला पाव. पलीकडच्या म्हातारीसाठी म्हटलं. भट्टीकडे पळालेल्या सालूबाईसाठी म्हटलं, तिचा तर पायच ठरत नव्हता. आणि माझं मन जागेवर बसलं. तुळशीपुढे बसायचं तसंच, पेटी चालू असताना. आतापर्यंत मी शांतता बाहेरून मिळायची वाट बघत होते, म्हणून ती मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाताळाच्या करंज्या आल्या. सासूबाईंनी एक मोडली, हुंगली, सारण बोटावर घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "खोबरं आपल्याच बाजूचं हाय." मग अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली.

दूध-अंड्यांनी अंगात जीव आला, तशी दुसरी सुई झाली. या वेळीही बाटली भरली, पण पाणी पुन्हा साठलं नाही. पुढे शिखरं बुटकी होत गेली आणि एक दिवस कागदावरची रेघ सपाट झाली. होळीच्या आधी आम्ही घरी आलो. अंगणात बायका जमल्या होत्या, कुजबूज चालली होती. सासूबाईंनी गाडीतूनच सांगितलं, "तिकडलं दूध ती प्याली, तिच्या आदी मी प्याले. आता काय इचारायचंय ते मना इचारा." बायकांनी वाट सोडली. धाकटी धावत आली आणि मी तिला उचलून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी घेतलं.

हे दुखणं ज्यांना येईल त्यांना माझं सांगणं थोडं आहे. ताप उतरला तरी पुढे बरेच महिने पडून राहा. सुईला भिऊ नका. संशय येईल, येऊ द्या. माझा स्वभाव अजून तोच आहे, औषधाची बाटली मी आजही उजेडात धरून बघते. पण संशय पांघरुणाखाली घेऊन झोपू नका. तोंड उघडून विचारा. मी पहिल्याच संध्याकाळी विचारलं असतं, तर चांगुणा एवढी जाड झाली नसती.

सालूबाईचे उपकार फिटायचे नाहीत. घरात सण आला, पाहुणे आले, पुरणाचा घाट निघाला, की दिवेलागणीला मी हातातलं काम तसंच टाकते आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंथरुणापाशी थोडी उभी राहते. मुलींना आता त्याची सवय झाली आहे.

मागल्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या. या वेळी सुई नव्हती, दवाखाना नव्हता, वय झालं होतं. दिवस पुन्हा नाताळाचेच. त्यांचं खाणं तुटलं होतं, बोलणं जवळजवळ बंद. संध्याकाळी दिवा लावून मी त्यांच्या पायथ्याशी उभी राहिले, हात जोडले, डोळे मिटले. रोज मनात म्हणायचं ते त्या दिवशी तोंडाने आलं. "देवा, ह्यांना पाव."

अंथरुणातून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते, पण ओठांच्या कडेला हसू होतं.

"दे गो. दुधात बुडवून दे."

मी अलिबागेहून पाव आणवला. गरम दुधात बुडवून त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी एक घास खाल्ला आणि उरलेला हाताने माझ्याकडे सरकवला.